नानाकाकांची काशी

नानाकाका काशीला गेले आणि तिकडेच राहिले, असं आमच्या घरात सत्तरहून जास्त वर्षं सांगितलं गेलं. ते माझ्या आजोबांचे धाकटे भाऊ. लग्न झालेलं नव्हतं. पितृपक्षात त्यांचं पान वाढायचे, पण तिथी कुणालाच सांगता यायची नाही, म्हणून सर्वपित्रीला. लहानपणी मी एकदा आजीला विचारलं होतं, "काशीला कुठे?" ती म्हणाली, "घाटावर." त्यापुढे विचारायची सोय नव्हती.

गेल्या श्रावणात आत्या माझ्याकडे राहायला आली होती. तिचं वय ८७. एका दुपारी आम्ही दोघी भाजी निवडत बसलो होतो आणि मान वर न करता ती म्हणाली, "नाना काशीला नव्हता गेला. त्याला दत्तपूरला नेऊन सोडलं होतं. महारोग झाला होता त्याला." जुडीतली आणखी चार देठं मोडून झाल्यावर म्हणाली, "मला तिथं एकदा ने."

दत्तपूर म्हणजे महारोग्यांची, कुष्ठरोग्यांची वसाहत. डिसेंबरात तिला तिथं नेलं. बरोबर सेवाग्राम, पवनार आणि आनंदवनही करायचं ठरवलं. नुसतं दत्तपूर पाहून तिला घेऊन परत येण्याचं मला धैर्य नव्हतं, हेही खरं.

पहिला दिवस : सेवाग्राम

गाडी पहाटेच पोचली. थंडी चांगलीच होती. आश्रमासमोरच्या यात्री निवासात सामान टाकलं, आत्याला तासभर पडायला लावलं आणि नऊच्या सुमारास आश्रमात शिरलो.

३० एप्रिल १९३६ ला गांधीजी या गावात आले तेव्हा त्याचं नाव शेगाव होतं. गजानन महाराजांच्या शेगावशी गोंधळ होऊन टपाल भलतीकडे जायचं, म्हणून १९४० मध्ये सेवाग्राम झालं. बापूकुटी मुळात मीराबेनची. मातीच्या भिंती, वर कौलं, भिंतीवर मीराबेननं मातीतच उठवलेली ताडाची झाडं. आत्या आत आल्या आल्या खाली वाकली आणि तिनं जमिनीला तळहात लावून पाहिला. "सारवण चांगलं आहे," एवढंच म्हणाली.

तिथं साप धरायचा चिमटा आणि पिंजरा जपून ठेवला आहे. साप निघाला तर मारायचा नाही, धरायचा आणि लांब रानात सोडून यायचं. मी त्यापुढे बराच वेळ उभी राहिले. आश्रमाच्या अकरा व्रतांत "सर्वत्र भयवर्जन" हे एक व्रत आहे. भिऊ नका असं सांगून कुणाची भीती जात नाही. त्या झोपड्यांत रात्री साप निघाल्यावर सगळेच दचकत असणार. पण दचकलेल्या माणसाच्या हाताशी आधीच काठीऐवजी चिमटा आणून ठेवला होता, ही गोष्ट मला फार मोठी वाटली. भीती वाटायच्या आधी कुणीतरी बसून विचार केला होता.

थोडं पुढे परचुरे कुटी. परचुरे शास्त्री संस्कृतचे पंडित, येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींबरोबर होते. त्यांना कुष्ठरोग झाला. १९३९ मध्ये ते सेवाग्रामला आले. गांधीजींनी त्यांना ठेवून घेतलं, वेगळी झोपडी दिली, आणि स्वतः त्यांच्या अंगाला मालीश करायचे. त्या मालिशीचा फोटो बहुतेकांनी पाहिलेला असतो. पुढे शास्त्री दत्तपूरला गेले आणि १९४५ मध्ये वारले.

मी हे सगळं आत्याला सांगत होते. तिनं मला मध्येच थांबवलं.

"कोणत्या साली म्हणालीस?"

"एकोणचाळीस."

ती झोपडीच्या ओट्यावर टेकली. "आमच्याकडे सत्तेचाळीसला माडीचा जिना काढून ठेवला होता," ती म्हणाली. "नाना वर. शिडी लावायची, ताट वर सरकवायचं, शिडी काढायची. मी नऊ वर्षांची. रात्री वरून त्याच्या चालण्याचा आवाज यायचा. आई म्हणायची, उंदीर आहेत."

मी तिच्याशेजारी बसले. शाळेची सहल आली होती. मुलं रांगेनं झोपडीत डोकावून पुढे जात होती. एका मुलीनं आत्याला वाकून नमस्कार केला, का ते तिलाच ठाऊक. आत्यानं तिच्या गालावरून हात फिरवला.

त्या वर्षी गांधीजी सेवाग्रामात नव्हते. २५ ऑगस्ट १९४६ ला ते इथून गेले आणि पुन्हा परतले नाहीत. पण झोपडी होतीच आणि दत्तपूर तर १९३६ पासून चालू होतं. या रोगाच्या माणसाला हात लावता येतो, हे आमच्या घरापासून रेल्वेच्या एका रात्रीच्या अंतरावर सगळ्यांना दिसत होतं. माझे आजोबा खादी वापरायचे. त्यांच्या कपाटावर गांधीजींचा फोटो होता. मला त्या दुपारी आजोबांचा फार राग आला, इतका की जेवताना मी आत्याशीही नीट बोलले नाही.

संध्याकाळी प्रार्थनेला गेलो. मोकळ्या जमिनीवर बसायचं, आधी काही वेळ अगदी शांत. मग प्रार्थना आणि ती अकरा व्रतं. अहिंसा, सत्य, अस्तेय. रात्री अंथरुणात पडल्यावर मला शाळेतलं सुभाषित आठवलं. "सत्यं ब्रूयात् प्रियं ब्रूयात्, न ब्रूयात् सत्यमप्रियम्." आमच्या घरात हे सतत म्हटलं जायचं. अप्रिय खरं बोलू नये. त्याची पुढची ओळ मात्र मी कुणाच्या तोंडून ऐकली नाही, ती मला मोठेपणी सापडली. "प्रियं च नानृतं ब्रूयात्." गोड वाटतं म्हणून खोटंही बोलू नये. अर्धा श्लोक पाठ करून आमच्या तीन पिढ्या निभावल्या.

दुसरा दिवस : पवनार आणि दत्तपूर

सकाळी पवनारला. धाम नदीचं पात्र खडकाळ, पाणी थोडं पण स्वच्छ, आणि काठावरच्या उंचवट्यावर आश्रम. १९३८ मध्ये प्रकृती पार ढासळलेली असताना विनोबा इथं आले. नदीवरचा पूल ओलांडताना "मी सोडलं" असं म्हणत आले, अशी आठवण सांगतात. पुढे इथली जमीन खणताना जुन्या मूर्ती निघाल्या. त्यातलं भरत-रामाच्या भेटीचं शिल्प इथल्या मंदिरात आहे.

मला घाई होती, आत्याला नव्हती. ती त्या शिल्पापुढे खाली बसून राहिली.

"भाऊच तो," ती शेवटी म्हणाली. "भावाला भेटायला रानात गेला."

मी काहीच बोलले नाही.

"अप्पांनीच नेलं नानाला. स्टेशनापर्यंत बैलगाडी, पुढे रेल्वे. परत आले तेव्हा तीन दिवस जेवले नाहीत. आईनं आम्हाला सांगितलं, काशीयात्रेचा उपास आहे." अप्पा म्हणजे माझे आजोबा. "नंतर गेले का गं ते कधी त्याला भेटायला? मला माहीत नाही. दर दोन-तीन वर्षांनी एकटेच कुठेतरी जायचे. आई विचारायची नाही."

आदल्या दिवशीचा माझा राग तिथं तसाच राहिला नाही. गेला असंही नाही. पण आजोबा एकटेच गाडीत बसलेले दिसू लागले, आणि दिसणाऱ्या माणसावर रागावणं कठीण जातं.

ब्रह्मविद्या मंदिर विनोबांनी २५ मार्च १९५९ ला सुरू केलं, साधना करणाऱ्या स्त्रियांसाठी. इथं प्रमुख कुणी नाही. शेती, स्वयंपाक, झाडलोट सगळ्या मिळून करतात आणि निर्णय सर्वसहमतीनं होतो, बहुमतानं नाही. एका वयस्कर बहिणीनं आम्हाला हे समजावून सांगितलं तेव्हा आत्यानं लगेच विचारलं, "एकीलाच पटलं नाही तर?"

"मग थांबतो."

"किती दिवस?"

"पटेपर्यंत," त्या हसून म्हणाल्या. "कधी कधी त्या एकीचंच बरोबर असतं, ते थांबल्यावर कळतं."

आत्या उठताना माझ्या कानाशी म्हणाली, "आमच्याकडे एका रात्रीत ठरलं."

दुपारी दत्तपूर. वर्ध्याजवळच आहे. फोन करून आधी विचारून ठेवलं होतं. विनोबांचे सहकारी मनोहर दिवाण यांनी १९३६ मध्ये हे काम हाती घेतलं. ते डॉक्टर नव्हते. रोग्यांबरोबर राहायचं, त्यांच्या जखमा बांधायच्या, त्यांच्या हाताला शेतीचं आणि सुताचं काम द्यायचं, हे त्यांनी अशा काळात केलं जेव्हा खात्रीचं औषध नव्हतं. मोठी झाडं आहेत, शेतं आहेत, आवाज कमी. मला वाटलं होतं आत्या जुनी नोंद बघायला मागेल. मी तसं विचारलंही.

"नको," ती म्हणाली. "नाव सापडलं तरी रडेन, नाही सापडलं तरी रडेन."

एका झाडाखालच्या बाकावर बसलो. बऱ्याच वेळानं ती बोलू लागली. मी मध्ये काही विचारलं नाही.

"सकाळचा चहा नानाला मी न्यायची. ओसरीवर बसायचा तो, माडीच्या आधीची गोष्ट. पितळी पेला असायचा, कान नसलेला. मी परकराच्या टोकात धरून न्यायची, तरी माझी बोटं पोळायची. नाना उघड्या हातानं घ्यायचा, दोन्ही तळव्यांत धरून बसायचा. मला वाटायचं, आपला नाना केवढा शूर! एक दिवस मी आईला कौतुकानं सांगितलं, आई, नानाला चटकाच बसत नाही. ती भाकरी थापत होती. तिचा हात थांबला. अजून दिसतो मला तो हात, पीठ लागलेला. त्या रात्री अप्पा दिवा घेऊन नानाच्या खोलीत गेले. दुसऱ्या दिवशी तो माडीवर."

"अगं, तू नऊ वर्षांची होतीस," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

"ते मला माहीत आहे. दोष म्हणून नाही सांगत मी." ती माझ्याकडे वळली. "मी खरं बोलले आणि माणूस गेला. तेव्हापासून मी घरात फारसं खरं बोलले नाही. सासरीसुद्धा. लोक म्हणायचे, किती समजूतदार आहे."

समजूतदार म्हणूनच मीही तिला ओळखत होते. आमच्या सगळ्या घराण्यात कुणालाही न दुखावणारी बाई म्हणून तिचं नाव घेतलं जातं. त्या समजूतदारपणाच्या तळाशी पितळी पेला होता, हे मला ५८ व्या वर्षी कळलं. कुणाला मवाळ, कुणाला तापट, कुणाला घुमं असं म्हणून आपण मोकळे होतो. ते माणूस तसं का झालं हे विचारायला चाळीस वर्षं हाताशी असतात, आणि आपण विचारत नाही.

तिसरा दिवस : आनंदवन

गाडी करून हिंगणघाटमार्गे वरोऱ्याला निघालो. दोन्ही बाजूंना कपाशी फुटलेली, तुरीला शेंगा धरलेल्या. हिंगणघाट हे बाबा आमट्यांचं जन्मगाव, २६ डिसेंबर १९१४. आत्या वाटेत झोपली.

वरोऱ्याच्या वकिलाला, नगरपालिकेच्या उपाध्यक्षाला, डोक्यावरून मैला वाहून पाहणाऱ्या धाडसी माणसाला एका पावसाळी रात्री गटाराच्या कडेला तुळशीराम नावाचा कुष्ठरोगी दिसला. हाताची बोटं झडलेली, अंगात किडे पडलेले. आणि बाबा घाबरून पळाले. ही गोष्ट आपल्याला माहीत आहे याचं कारण ती बाबांनी स्वतः सांगितली. मला या साऱ्या कहाणीत तोच भाग सर्वांत मोलाचा वाटतो. पुढचं काम डोंगराएवढं आहे, पण त्याच्या मुळाशी "मी भ्यालो" ही एक कबुली आहे. मग ते परत फिरले, तुळशीरामची शेवटपर्यंत शुश्रूषा केली. कलकत्त्याला जाऊन या रोगाचं शिक्षण घेतलं, तिथं प्रयोगासाठी स्वतःच्या अंगात कुष्ठरोगाचे जंतूही टोचून घेतले. १९४९ मध्ये सहा रुग्ण, एक लंगडी गाय आणि चौदा रुपये एवढ्यावर आनंदवन सुरू झालं. बरोबर साधनाताई.

माझ्या आजीनं पेल्याचं ऐकलं तेव्हा तीही भ्यालीच. घरात लग्नाच्या चार मुली होत्या. कायदासुद्धा २०१९ पर्यंत कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण मानत होता, मग तिच्याकडून काय धरायचं? तिनं आपली भीती भीती म्हणून कुणाला सांगितली असती तर काय झालं असतं, हा विचार मात्र त्या रस्त्यावर माझी पाठ सोडेना. तिनं तिला नावच बदलून दिलं. काशी.

आनंदवनात एका कार्यकर्त्यानं आम्हाला रोगाविषयी नीट सांगितलं. जंतू १८७३ मध्ये नॉर्वेच्या हॅन्सननं शोधला. तो मज्जातंतूंवर हल्ला करतो आणि त्या भागातली वेदना जाते. बोटं रोगानं आपोआप गळून पडत नाहीत. दुखत नाही म्हणून जखम कळत नाही, ती चिघळते, आणि मग हात-पाय जातात. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी हे काळजीपूर्वक पाहून दाखवून दिलं. १९८१ नंतर बहुविध औषधोपचार आला आणि आता सहा महिने किंवा वर्षभर गोळ्या घेतल्या की माणूस बरा होतो. बहुतेकांच्या अंगात या जंतूविरुद्ध मुळातच ताकद असते.

"म्हणजे मुलांना लगेच लागलं असतं असं नाही?" आत्यानं विचारलं.

"नाही, आजी. फार जवळचा आणि फार दिवसांचा संबंध लागतो. तरीसुद्धा बहुतेकांना होत नाही."

तिनं आपले दोन्ही हात मांडीवर उलटे करून पाहिले.

विणकाम, शिवण, सुतारकाम असं बरंच पाहिलं. दान माणसाला लाचार करतं आणि काम उभं करतं, हा बाबांचा आग्रह तिथल्या प्रत्येक शेडमध्ये दिसतो. त्यात फिरताना मला सगळं टिपून घ्यायचं होतं, पण घडलं ते चहाच्या वेळी. एक म्हातारे गृहस्थ आमच्याशेजारी येऊन बसले. पूर्वी मागावर काम करायचे. बोटं पेरापेरापर्यंतच उरलेली. त्यांच्यापुढे चहाचा स्टीलचा पेला आला. त्यांनी खांद्यावरचा पंचा काढला, त्याची चौपदरी घडी घातली, पेल्याभोवती गुंडाळली, आणि मगच दोन्ही तळव्यांत तो उचलला.

आत्या बघतच राहिली. "गरम लागतं का हो?" तिनं विचारलं.

"लागत नाही ना, म्हणून तर गुंडाळायचं," ते म्हणाले. "आपल्याला कळत नाही, पण कातडी तर भाजते. रोज रात्री झोपायच्या आधी हात-पाय बघायचे, कुठे फोड आहे का, काटा आहे का. इथं आल्यावर शिकवलं."

"आमच्या नानाला कुणी शिकवलं नव्हतं," आत्या म्हणाली.

त्यांनी कोण नाना म्हणून विचारलं नाही. पेला खाली ठेवला आणि आपला हात पुढे केला. आत्यानं तो दोन्ही हातांत घेतला. किती वेळ ते मी मोजलं नाही. त्यांचा चहा निवला हे मात्र पाहिलं.

बाबा ९ फेब्रुवारी २००८ ला गेले. त्यांना दहन केलं नाही, आनंदवनातच पुरलं. इथं गेलेल्या माणसाला पुरून त्यावर झाड लावतात. श्रद्धावनात संध्याकाळी आम्ही हळूहळू चालत गेलो. आत्या एका झाडाच्या खोडाला टेकून उभी राहिली आणि म्हणाली, "सर्वपित्रीला नको आता. काहीतरी तिथी धरू आपण त्याची."

चौथा दिवस : परतीची गाडी

सकाळची गाडी. खिडकीची जागा मिळाली. हिंगणघाट मागे पडलं तेव्हा आत्या म्हणाली, "धाकटीला फोन लाव."

धाकटी म्हणजे माझी दुसरी आत्या, ८२ वर्षांची, नाना गेला तेव्हा चार वर्षांची. मी फोन लावून आत्याच्या कानाशी धरला. ऐकायला कमी येतं म्हणून आवाज मोठा ठेवावा लागला, त्यामुळे मलाही ऐकू येत होतं.

"नाना काशीला गेला नव्हता," आत्यानं सुरुवातच अशी केली.

पलीकडे इतका वेळ काहीच आवाज आला नाही की फोन तुटला असं मला वाटलं. मग धाकटी आत्या म्हणाली, "माहीत आहे मला. माझं लग्न ठरलं त्या वर्षी आईनं सांगितलं होतं. तुला सांगू नको म्हणाली होती, तू मनाला लावून घेशील म्हणून."

आत्यानं डोळे मिटले. सगळा डबा हलत होता. साठ वर्षं दोघी दर दिवाळीला भेटल्या होत्या.

"तू जाऊन आलीस का तिथं?" धाकटीनं विचारलं. "कसा होता गं तो तिथं? सुखात होता का? सोबत होती का त्याला?"

मी आत्याकडे पाहिलं. होती म्हणायला काहीच लागलं नसतं. मी असते तर म्हटलं असतं. बहिणीचं वय ८२, हृदयाचा त्रास, आणि विचारणं इतकं कळवळून. आत्यानं फोन माझ्या हातातून स्वतःच्या हातात घेतला.

"ते मला माहीत नाही," ती म्हणाली. "जागा चांगली आहे. झाडं आहेत, माणसं आहेत. ती मी पाहिली. नाना कसा होता ते मला नाही माहीत गं."

पलीकडून हुंदका आला. आत्यानं फोन कानापासून हलवला नाही. "रड," ती म्हणाली, "मी आहे इथं," आणि खिडकीबाहेर बघत तशीच बसून राहिली.